एका पासावर चौघे

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका अपार्टमेंटच्या सेक्रेटरींचा फोन आला, "गेटची मशीन येडी झालीया, बघा जरा येऊन." सिस्टीम बसवलेली दुसऱ्याची, देखभाल आमच्याकडं. मशीन ठणठणीत होती. लॉग, म्हणजे मशीनमधल्या नोंदी, उघडला तर एका फ्लॅटचा पाहुण्यांचा क्यूआर पहाटे पुढच्या आणि पार्किंगच्या, दोन्ही गेटला एकाच मिनिटात चाललेला. म्हणजे एकच पाहुणा दोन दारांनी आत!

त्या फ्लॅटमध्ये आजोबा एकटेच राहतात. "त्यात काय एवढं? प्रिंट काढून दूधवाल्याला दिलाय. पहाटे मी खाली उतरत बसू काय?"

दूधवाला गाडीपाशीच सापडला. लॅमिनेशन केलेला पास कॅनच्या कडीला सुतळीनं बांधलेला, त्यावर ऑइलचा डाग. तरी वाचत होता. क्यूआरमध्ये दुरुस्तीची सोयच असते. दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची असेल तर साधारण ३० टक्के खराब झाला तरी मजकूर जुळतो. कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांपैकी एखादा गेला, तर मात्र स्कॅनर सहसा हात टेकतो.

"पुतण्याला फोटू पाठिवला, त्यानं पेपरवाल्या पोराला," दूधवाला म्हणाला. "चोरी केली व्हय आमी?" इस्त्रीवाल्याकडंही तोच फोटो निघाला.

सेक्रेटरी दूधवाल्यावरच तापले. मला ते पटलं नाही. कायमचा कोड दिला की फोटोनंही दार उघडणारच. क्यूआर १९९४ मध्ये जपानात निघाला तो मोटारींचे सुटे भाग ओळखायला. शिरोलीच्या कारखान्यांतल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव सुट्या भागांवर, खुशाल चिकटवा. कार्ड कुणाच्या हातात आहे, हे त्याला काय कळणार?

मग जुना कोड बाद केला. रहिवाशांना अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड दिला, म्हणजे स्क्रीनशॉट लगेच शिळा होतो. दूधवाल्याकडं बटणांचा फोन, त्यामुळं त्याचा छापील पासच ठेवला. फक्त वेळेचं बंधन घातलं, आणि आत गेलेला पास बाहेर पडल्याशिवाय पुन्हा चालणार नाही असं केलं. पेपरवाल्याला, इस्त्रीवाल्याला वेगळे पास. वेळ कमिटीनं ठरवली, पाच ते सात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सेक्रेटरींचा फोन. दूधवाला पावणेपाचलाच गेटवर हजर, आणि दार काही उघडेना. मी अंथरुणातूनच वेळ साडेचार केली.