तुम्ही विचारलंत म्हणून: रचलेल्या भाषेचे स्वर बदलतात कसे?

सिंदारिन या कादंबऱ्यांसाठी रचलेल्या भाषेच्या स्वरांचं खूळ माझ्या डोक्यात आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: जी भाषा एका माणसाने बसून रचली, तिला कसला आलाय इतिहास?

आहे, कारण रचणारा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन होता. ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक, शब्दांच्या वंशावळी काढण्यात मुरलेला. त्याने आधी एक मूळ भाषा कल्पिली, तिच्यावर ध्वनिबदलाचे नियम चालवले आणि त्यातून त्याच्या कथांमधल्या एल्फ या कल्पित लोकांच्या क्वेन्या आणि सिंदारिन या भाषा काढल्या. क्वेन्याने जुने स्वर बरेचसे जपले. लोक तिलाच गोड म्हणतात, मला ती जरा जास्तच धुतलेली वाटते.

सिंदारिनमध्ये मात्र पडझड दिसते. क्वेन्यात विस्तवाला ‘नार’, सिंदारिनमध्ये ‘नाउर’: जुन्या दीर्घ आ-चा आउ झाला. मग सूर्याच्या ‘अनार’चं ‘अनाउर’ व्हायला हवं. पण झालं ‘अनोर’, कारण लांब शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आउ आकसून ओ होतो. म्हणजे अपवादालाही नियम.

अनेकवचनं तर बघाच. टेकडी ‘आमोन’, टेकड्या ‘एमिन’ (हा इ ओठ गोल करून म्हणायचा). पूर्वी अनेकवचनाच्या शेवटी दीर्घ ई होती. तिने आधीच्या स्वरांना आपल्याकडे ओढलं, आ-चा ए केला, ओ-चा हा गोल इ, आणि स्वतः गळून पडली. ही युक्ती वेल्सच्या वेल्श भाषेची: तिथे शिंग ‘कोर्न’, शिंगं ‘किर्न’. इंग्रजीतलं फूट–फीट त्याच जातीचं. आपल्या वीट–विटामधला ऱ्हस्व-दीर्घाचा खेळ वेगळा, पण मराठी शिकणाऱ्याला तोही असाच लहरी वाटतो.

आता खरी गंमत. 1930च्या दशकात यातली बरीच रूपं सिंदारिनची नव्हतीच. ती नोल्डोर नावाच्या दुसऱ्या एल्फ-कुळाच्या भाषेची होती. पुढे टॉल्किनने बेत बदलला आणि ती भाषा सिंदार कुळाच्या तोंडी दिली. बोलणारे बदलले, त्यांचा सगळा पूर्वेतिहास नव्याने लिहावा लागला, पण स्वरांचे नियम बहुतांशी तेच ठेवले. माझ्या मते त्याला कुळांपेक्षा नियमांचीच माया जास्त होती.