मगरीचे दात आणि पाच औंस

थोरला कब स्काउट्समध्ये, म्हणजे स्काउट चळवळीतल्या लहान मुलांच्या शाखेत, जाऊ लागल्यापासून दर हिवाळ्यात आमच्या घरी पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा येतो. त्याच्यासोबत चार प्लॅस्टिकची चाके आणि आस म्हणून ठोकायचे चार खिळे असतात. एवढ्याच सामानातून सात इंचांपर्यंत लांबीची आणि जास्तीत जास्त पाच औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम वजनाची गाडी घडवायची आणि पॅकच्या, म्हणजे कब स्काउट्सच्या स्थानिक गटाच्या, पाइनवुड डर्बी नावाच्या शर्यतीत उतरवायची. इंजिन नाही, चावी नाही, हाताने ढकलणेही नाही. उतारावर समोरच्या खुंटीला टेकवून गाडी उभी करायची आणि खुंटी खाली गेली की पुढचे सगळे गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे.

ही कल्पना डॉन मर्फी यांची. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच येथील एका पॅकचे ते कबमास्टर, म्हणजे प्रमुख, होते. त्यांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे मुलांनी स्वतः आत बसून उतारावरून चालवायच्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीत, उतरायचे होते, पण त्या शर्यतीसाठी तो लहान पडत होता. तेव्हा मर्फी यांनी लहान मुलांना घरी बनवता येतील अशा छोट्या गाड्यांची शर्यत योजली आणि १५ मे १९५३ रोजी ती पहिल्यांदा भरली. वडील आणि मुलगा यांनी एकत्र बसून काहीतरी घडवावे, हा त्यामागचा हेतू होता. हेतू उत्तमच आहे; मात्र करवत दोघांपैकी कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न आमच्या गॅरेजमध्ये दर वर्षी नव्याने उभा राहतो.

यंदा थोरल्याला मगर करायची होती. त्याच्या बाबांना पाचरीसारखी चपटी, मागे जाड आणि पुढे निमुळती गाडी हवी होती, आणि त्यांच्याकडे कारणेही तयार होती. उतारावर उभ्या असलेल्या गाडीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा उंचावर असते, म्हणून वजन जितके मागे ठेवावे तितके ते जास्त उंचीवरून खाली येते आणि गाडीला अधिक वेग मिळतो. मात्र ते मागच्या आसाच्याही मागे सरकले, तर पुढची चाके हलकी होऊन गाडी डुलू लागते. यासाठी गाडीचा तोल मागच्या आसाच्या साधारण एक इंच पुढे साधावा, असे जाणकार सांगतात. हे सगळे शांतपणे ऐकून घेऊन थोरला म्हणाला, “बाबा, मगरीची शेपटी जडच असते.” त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. शेपटीत टंगस्टनचे छोटे तुकडे बसवले. टंगस्टन शिशापेक्षा बरेच जड असल्यामुळे थोड्या जागेत भागते. खिळ्यांच्या डोक्याखाली राहिलेले खरखरीत कंगोरे त्याने स्वतः पॉलिश पेपरने घासून काढले, चाकांत वंगण म्हणून ग्राफाइटची पूड भरली, आणि त्या पुडीने काळे झालेले हात माझ्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या टॉवेलला पुसले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी, आम्ही निघायच्या बेतात असताना, त्याने टूथपिकचे तुकडे डिंकाने चिकटवून मगरीला दात बसवले. घरच्या काट्यावर आदल्या रात्री बरोबर पाच औंस भरलेली गाडी तपासणीच्या टेबलावर ५.०३ भरली. तिथे डिजिटल काट्यापुढे कोणाचे काही चालत नाही. बाबांचे मत पडले की दात काढावेत, हवेलाही तेवढाच अडथळा कमी होईल. काट्यामागे बसलेल्या बाईंनी त्यांच्याकडे न पाहता थोरल्याला विचारले, “गाडी तुझी आहे ना? मग तू सांग.” त्याने दात ठेवले आणि दुरुस्तीच्या टेबलावरचे ड्रिल उचलून मगरीच्या पोटाला भोके पाडायला घेतली. पाइन फार हलके असल्यामुळे एका भोकाने जेमतेम फरक पडला. तिसऱ्या भोकानंतर काटा ५.०० वर आला. मला तेवढ्या वेळात दोनदा बाहेर जाऊन यावेसे वाटले. तपासणी झालेली गाडी आयोजकांच्या ताब्यात जाते आणि त्यानंतर तिला ग्राफाइटचा कणही लावता येत नाही, हा नियम पालकांना आवरण्यासाठीच केला असावा, असा माझा समज आहे.

मार्गिका कितीही सारख्या केल्या तरी त्यांत थोडा फरक राहतो, म्हणून आमच्या पॅकमध्ये प्रत्येक गाडी चारही मार्गिकांवर एकेकदा धावते आणि चारही वेळांची सरासरी काढतात. एक धाव तीन-सव्वातीन सेकंदांत संपते आणि टायमर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ दाखवतो, त्यामुळे डोळ्यांना बरोबरीने आलेल्या दोन गाड्यांतही पडद्यावर पहिली आणि दुसरी ठरते. मगर तिच्या डेनमध्ये, म्हणजे पॅकमधल्या छोट्या गटात, चौथी आली.

भावंडांसाठी आणि पालकांसाठी शेवटी खुली फेरी असते. तीत बाबांची ती पाचर अखेर धावली. खिळे आरशासारखे चकचकीत केलेली ती गाडी उतार संपताच डुलू लागली आणि मार्गिकेच्या मधल्या पट्टीवर डावी-उजवीकडे आपटत धाकटीच्या गाडीमागून पोहोचली. धाकटीची गाडी म्हणजे न कापलेला ठोकळा, वर लाल रंग आणि काळे ठिपके. वजन किती मागे गेले असावे, हे मी त्या वेळी विचारले नाही.

सामान आवरताना थोरल्याच्या लक्षात आले की मगरीचा एक दात पडला आहे. लोक खुर्च्या मिटत होते, मार्गाचे भाग सुटे करणे सुरू झाले होते, आणि गाड्या जिथे थांबतात त्या स्पंजच्या गादीखाली ते दोघे बाप-लेक गुडघ्यांवर बसून, फोनचा उजेड पाडून, टूथपिकचा पाऊण सेंटीमीटरचा तुकडा शोधत होते.