शेऱ्यातली तेवीस घरं

लोकसभेचा प्रश्न आला की आमच्या ग्रुपवर आधी लाल उद्गारचिन्हं येतात, मग एक्सेलची फाइल आणि सगळ्यात शेवटी वेळ. त्या दिवशी वेळ होती दुपारी चार. मी फाइल उघडली तेव्हा पावणेबारा वाजले होते.

मी तेव्हा वीज वितरण कंपनीच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपविभागात कनिष्ठ अभियंता होतो. डिसेंबर म्हणजे आमचा दुहेरी हंगाम. नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन, दिल्लीला संसदेचं. नागपूरच्या प्रश्नांची भाषा एव्हाना तोंडपाठ झालेली. 'हे खरे आहे काय', 'असल्यास', आणि उत्तरात 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. दिल्लीचा कागद मात्र हिंदीत, 'क्या विद्युत मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि' अशा अदबीनं सुरू होणारा, खाली क, ख, ग.

या प्रश्नाला तारा होता. म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर खासदारांनी उपप्रश्न विचारायचे. लोकसभेत एका दिवसाला असे २० प्रश्न सोडतीनं ठरतात, बिनताऱ्याचे २३०, त्यांचं नुसतं लेखी उत्तर. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. कागदावर भरपूर वेळ. पण तो लोकसभा सचिवालयातून मंत्रालयात, तिथून आरईसी या ग्रामीण विद्युतीकरण पाहणाऱ्या केंद्रीय कंपनीकडे, मग आमच्या कंपनीचं मुंबई, परिमंडळ, मंडळ, विभाग असा उतरतो. वाटेत प्रत्येक जण उसाचा एकेक पेर चोखतो, आमच्या हाती चिपाड येतं. त्या दिवशीचं चिपाड सव्वाचार तासांचं होतं.

क मध्ये विचारलं होतं, किती गावांचं विद्युतीकरण बाकी आहे. यात डोकं लावायचं काम नव्हतं. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून हा रकाना शून्य. आणि ते शून्य खोटं नाही, कारण गाव कशाला म्हणायचं आणि विद्युतीकृत कशाला, हे २००४ पासून ठरलेलं आहे. वस्तीत आणि दलितवस्तीत रोहित्र व तारा हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी आणि गावातल्या १० टक्के घरांत जोडणी हवी. शंभरातली दहा.

ख मध्ये विचारलं होतं, किती घरांना वीज नाही. इथे मी अडकलो.

आमच्या भागात कोलाम आदिवासींची पोडं आहेत. गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला, पंधरा-वीस घरांची वस्ती. जनगणनेच्या यादीत गावाला क्रमांक असतो, पोडाला नसतो. गाव विद्युतीकृत, म्हणून पोडही विद्युतीकृत, असा हिशेब आपोआप लागतो. माझ्याकडे अशी तीन पोडं होती आणि एकातही आमची लाइन नव्हती. लाइनमनला विचारलं, घरं किती असतील? तो म्हणाला, "साहेब, अंदाजे सांगू का मोजून?"

बारा वाजता त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. पहिल्या दोन पोडांत मोजणी पटकन झाली. तिसऱ्यात मात्र पाहतो तर छपरांवर सोलर पॅनेल. घरोघरी वीज देण्याच्या केंद्राच्या सौभाग्य योजनेत लांबच्या घरांना असा संच द्यायची सोय होती, २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग, आणि पाच वर्षं देखभाल. एका घरात वाकून शिरलो. दिवे जागेवर होते, वायरी क्लिपा मारून नीट भिंतीला धरलेल्या, काम करणाऱ्यानं हात राखला नव्हता. बॅटरीची पेटी कोपऱ्यात, झाकण काढलेलं. आत भुश्यावर खुडूक कोंबडी बसली होती. मी वाकलो तशी तिनं पिसं फुगवली.

घरातली म्हातारी म्हणाली, "दोन दिवाळ्या जळला जी लाइट. मंग नाही."

"दुरुस्तीला कोणी आलं नाही का, आजी?"

"आला होता ना एक जण. फोटो काढून गेला."

तिन्ही पोडांत मिळून घरं ४१. त्यातल्या २३ घरांवर पॅनेल, १८ घरांवर काहीच नाही. आमच्या दप्तरी ती २३ घरं विद्युतीकृत होती. कंत्राटदाराचं बिल निघालेलं, लाभार्थ्यांचे अंगठे असलेले कागद फायलीत. अंधार ४१ घरांत, कागदावर बाकी १८.

तीन वाजून वीस मिनिटांनी ऑफिसात पोचलो. आकड्याच्या रकान्यात ४१ टाकले तर मागच्या सगळ्या अहवालांशी फारकत होणार आणि पहिली नोटीस मलाच येणार. नुसते १८ टाकणं जिवावर आलं. मग १८ लिहिले, शेवटी 'शेरा' नावाचा नवा रकाना काढला आणि त्यात लिहिलं: याशिवाय २३ घरांतील सौर संच बॅटरी निकामी झाल्याने बंद, प्रत्यक्ष पाहणी आजची. सरपंचांकडून तेवढ्याच मजकुराचं पत्र मागवून त्याचा फोटो जोडला.

सव्वाचारला विभागातून साहेबांचा फोन. "फॉरमॅट कशाला बदललास? वरती सगळ्या शिट्स एकात एक जोडतात, तुझा रकाना जास्तीचा."

"साहेब, त्या घरांत लाइट नाही."

"माहितीये. पण प्रश्न काय आहे? जोडणी नसलेली घरं. त्यांना दिलीये ना?" मग थोडं थांबून, "शेरा खाली तळटीप म्हणून घे. रकाना काढ."

मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या माणसानं तळटीप वाचवली. रकाना असता तर वरच्या पहिल्याच टेबलावर उडाला असता.

दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मंडळ कार्यालयातून फोन. त्या २३ संचांचं साल कोणतं, देखभालीची मुदत कधी संपते, नवीन लाइन न्यायची तर खर्च किती? ताऱ्याच्या प्रश्नाला उत्तराबरोबर उपप्रश्नांसाठी वेगळं टिपण तयार करावं लागतं, मंत्र्यांच्या हातात असावं म्हणून. म्हणजे तळटीप कोणीतरी वाचली होती. जेवण तसंच ठेवून मी पोल मोजत बसलो.

प्रश्नाच्या दिवशी अकरा वाजता मोबाइलवर संसद टीव्ही लावला. आमचा प्रश्न यादीत खाली होता. एकेका प्रश्नावर उपप्रश्न, त्यावर गोंधळ, अध्यक्षांचं 'माननीय सदस्यगण'. बारा वाजले, प्रश्नोत्तराचा तास संपला. वेळ न मिळालेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली जातात, तसं आमचंही ठेवलं गेलं. संध्याकाळी संकेतस्थळावर पाहिलं. वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, राज्यांनी कळवल्यानुसार सर्व वस्ती असलेल्या गावांचं विद्युतीकरण २८ एप्रिल २०१८ पर्यंत पूर्ण झालं आहे. सोबत राज्यनिहाय परिशिष्ट. महाराष्ट्राची एक ओळ. त्या ओळीत माझे १८ कुठे विरघळले ते कळायला मार्ग नव्हता, आणि २३ तर टिपणातच राहिले. ते टिपण कधी पटलावर येत नाही.

मात्र दोनेक महिन्यांनी विभागानं तिन्ही पोडांचं एस्टिमेट मागवलं. रात्री फोनवर सांगितलेला आकडा कोणाच्या तरी फायलीत राहिला असावा. पैसे लगेच आले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही अतिमागास आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना सुरू झाली. कोलाम त्यात बसतात, आणि त्या योजनेची मोजणी गावाऐवजी वस्तीनं होती. नवी फाइल आली, पुन्हा लाल उद्गारचिन्हं, पुन्हा 'आज चारपर्यंत'. उघडली तर गावाच्या शेजारी 'वस्तीचे नाव' असा रकाना. तिन्ही पोडांची नावं टाकायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. घरांच्या रकान्यात ४१ लिहिले आणि अडीचलाच पाठवून दिली.