पाऊस नव्हता, तरी छत गळत होतं

मंगळवार पेठेतलं घर. वरचा मजला पत्र्याचा: लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यावर पर्लिन, म्हणजे पत्रा टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या, वर रंगीत पत्रा आणि खाली जिप्सम बोर्डाचं सीलिंग. सीलिंगच्या पाठीवर जुनं ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचेच्या तंतूंचा थर, अंथरलेलं. नोव्हेंबर लागला होता, पाऊस कधीच थांबलेला, आणि स्वयंपाकघरात पहाटे वरून थेंब पडत होते. "गेल्या वर्षी पत्रा बदलून घेतला की ओ, तरी गळतंयच बघा," घरच्या काकू म्हणाल्या. जुनं ग्लासवूल काढून नवं टाकायचं, एवढंच काम मला सांगितलेलं.

पावसाशिवाय आणि तेही फक्त पहाटे पाणी पडत असेल, तर भोक शोधत पत्र्यावर चढण्यात अर्थ नसतो. पत्रा गळतो तेव्हा एखाद्या स्क्रूखाली सुटा, गोल डाग उमटतो. इथे डाग पर्लिनच्या ओळीने लांबवर पसरले होते आणि स्वयंपाकघरापाशी थांबले होते. शेजारच्या खोलीवर तोच पत्रा, पण तिथे टिपूस नाही. म्हणजे पाणी घरातूनच वर जात होतं. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. 25 अंशांच्या, 70 टक्के आर्द्रतेच्या हवेला 19 अंशांचा पत्रा लागला की त्यावर दव धरतं. ते उताराने ओघळतं, पर्लिनला अडतं आणि तिथून खाली पडतं.

काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद केला. ओल्या सीलिंगात दिव्यांच्या वायरी असतात, त्यामुळे हे बोलून दाखवायचीही गरज पडू नये. फरशीवर जाड प्लास्टिक, दारावर प्लास्टिकचा पडदा. एन-95 मास्क, बंद गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे. ग्लासवूलचे तंतू अंगाला टोचले तर चोळायचं नाही, आधी गार पाणी ओतायचं. चोळलं की ते आणखी आत रुततात. वर उंदरांच्या लेंड्याही होत्या. त्या कोरड्या झाडल्या तर धूळ थेट नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून दहा मिनिटं थांबलो आणि मग ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

भिजलेला बोर्ड मधून कापला तर अख्खा तुकडा डोक्यावर येतो. म्हणून खाली घोडी आणि फळ्यांचा टेकू दिला आणि भिंतीकडून एकेक पट्टी सोडवत आलो. ग्लासवूल ओढून फाडायचं नाही, हलकं पाणी फवारून आतल्या बाजूला गुंडाळायचं आणि तिथेच पिशवीत भरायचं. 50 एमएम जाडीचा, 24 घनतेचा (म्हणजे घनमीटरला 24 किलो) एक चौरस फूट तुकडा कोरडा असेल तर साधारण 110 ग्रॅम भरतो. इथला काट्यावर ठेवला तर 700 ग्रॅम. स्वयंपाकघर 120 चौरस फुटांचं. म्हणजे बोर्डाच्या डोक्यावर सत्तरेक किलो पाणी बसलेलं. ग्लासवूल उष्णता अडवतं ते तंतूंमध्ये कोंडलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी आलं की तो थर गोधडीसारखा भिजून नुसतं ओझं होतो.

आणि त्या थराला तेलाचा वास येत होता. ओट्याच्या वरचा बोर्ड सुटला तेव्हा कारण समोरच आलं: चिमणीचा लवचीक अॅल्युमिनियम पाइप जोडातून निसटून कैचीजवळ उघडाच पडलेला. जोडाला साधी पॅकिंगची टेप मारलेली; उष्णतेने आणि तेलाने तिचा गोंद सुटला होता. रोजच्या फोडणीची वाफ आणि तेल सीलिंगच्या पोकळीत जात होतं. ओलीपेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली. काच पेटत नाही, पण तिच्यावर साचलेलं तेल पेटतं, आणि बाजूनेच वायरी गेल्या होत्या.

तेव्हा नव्या थराला हात लावण्याआधी पाइप. सहा इंची चिमणीला सहा इंचीच कडक पाइप लावला, कारण चार इंचावर आणला की पंखा नुसता आवाज करतो. एकच वळण, जोडांना स्टीलच्या क्लिपा आणि त्यावर अॅल्युमिनियम टेप, बाहेर तोंडाला झडप. पत्र्याला भोक न पाडता पाइप भिंतीतून काढला आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे तेल उलटं चिमणीत येत नाही. पर्लिनचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारला. पोकळी पूर्ण वाळेपर्यंत सीलिंग उघडंच ठेवलं. घरच्यांना ते नको वाटतं, पण ओल कोंडून नवा माल टाकणं म्हणजे त्यांचे पैसे पाण्यात घालणं आहे.

थर्माकोल स्वस्त पडेल का, असं त्यांनी विचारलं होतं. तापलेल्या पत्र्याजवळ आणि स्वयंपाकघरावर तो मी कधीच लावणार नाही. 80 अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो, आणि पेटला तर काळा धूर सोडतो.

नवं ग्लासवूल 50 एमएम, 32 घनतेचं, एका बाजूला फॉइल असलेलं. या वेळी ते बोर्डावर अंथरलं नाही. पर्लिनच्या खालून जाळी ताणून तिच्यावर ठेवलं, फॉइल खाली. वर तोंड केलेल्या फॉइलवर धूळ बसते आणि ते उष्णता परतवायचं थांबतं. फॉइलचे जोड दोन इंच एकावर एक घेऊन टेपने बंद केले, नाहीतर घरातली दमट हवा त्या फटीतून पुन्हा पत्र्यापर्यंत जाते. थर दाबून बसवायचा नाही. 50 चा 25 झाला की फायदाही जवळजवळ निम्म्यावर येतो. पत्र्याखालची हवा खेळती राहावी म्हणून दोन्ही टोकांच्या भिंतींत झरोके ठेवले, त्यांना उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी. सीलिंगमध्ये पाइपाच्या जोडाखाली दोन फूट बाय दोन फुटांचं झाकण ठेवलं. दर पावसाळ्याआधी ते उघडून क्लिपा बघायच्या.

घर जुनं असेल आणि वर सिमेंटचा पत्रा असेल, तर यातलं काहीच तसं करू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याला ड्रिल किंवा ब्रश लावायचा नाही.

काढलेल्या मालाच्या पिशव्या दुहेरी बांधल्या. तो जाळायचा नाही, घंटागाडीत गुपचूप टाकायचा नाही. कुठे द्यायचा हे महापालिकेच्या आरोग्य विभागाला आधी विचारून घ्यायचं.