पायलटवर नवी काच बसवताना

एचएमटीच्या जनता, पायलट, सोना यांसारख्या चावीच्या घड्याळांवर जी काच असते ती ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असते. जुने घड्याळ घरी उघडू पाहणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे, कारण काच कशी निघते, कशी बसते, कोणत्या मापाची लागते आणि कशाने बिघडते, हे सारे त्यावरच ठरते. ॲक्रिलिक लवचिक असते. कडेने चहूबाजूंनी दाबले की ते किंचित आकसते आणि दाब सोडला की पुन्हा पसरते. या पसरण्याच्या जोरावरच ती काच घड्याळाच्या केसमधल्या, म्हणजे बाहेरच्या कवचातल्या, खाचेत वर्षानुवर्षे घट्ट बसून राहते. तिला ना गोंद लागतो, ना स्क्रू.

माझ्याकडचे पायलट मोठ्या काकांचे आहे. काळी डायल, पांढरे ठसठशीत आकडे आणि रोज सकाळी चावी दिली की दिवसभर चालणारे मशीन. बंगळूरुच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला घेतली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे मूळ सुटे भाग आता शिल्लक साठ्यातून शोधावे लागतात. काचेचे मात्र तसे नाही. ती साधी गोल असते, दशांश मिलिमीटरच्या फरकाने सगळ्या मापांत मिळते आणि स्वस्तही असते. त्यामुळे चांगले चालणारे घड्याळ केवळ धुरकट काचेमुळे कपाटात पडून राहावे, हे मला पटत नाही.

सगळ्याच खराब काचा बदलाव्या लागतात असेही नाही. चरा नखाला लागत नसेल, तर तो घासून निघतो. केसच्या कडेला चिकटपट्टी लावावी, २००० नंबरचा पॉलिश पेपर जेमतेम ओला करून हलक्या हाताने फिरवावा आणि मग कापसावर ब्रासो घेऊन काच लखलखीत होईपर्यंत चोळावी. पाणी मात्र अगदी थेंबभरच वापरावे, कारण इतक्या जुन्या घड्याळात ते कोठूनही आत शिरू शकते. माझ्या काचेचा प्रश्न चऱ्यांचा नव्हता. ती पिवळी पडली होती आणि चारच्या आकड्याजवळच्या कडेपासून मध्याकडे एक बारीक तडा गेला होता. काच खाचेत सदैव ताणाखाली असल्यामुळे असा तडा आज ना उद्या वाढतोच, आणि तोवर त्यातून दमट हवा डायलपर्यंत पोहोचत राहते. अशा काचेवर पॉलिश करून काहीही साधत नाही.

काच बदलायची ठरली की अनेक दुकानांत खनिज काच, म्हणजे खरीखुरी काच, बसवून घेण्याचा सल्ला मिळतो. त्यावर चरे पडत नाहीत, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोज्‌ मापश्रेणीवर क्वार्ट्झचा कठीणपणा ७ आहे, तर साध्या काचेचा साडेपाच-सहाच्या आसपास. तेव्हा चरे तिच्यावरही पडतात, फक्त उशिरा, आणि पडले की घरी निघत नाहीत. नीलमणी काच, म्हणजे कृत्रिम नीलमण्यापासून बनवलेली सफायर काच, ९ कठीणतेची असल्याने वाळूला दाद देत नाही, पण वरून खास लेप दिलेला नसेल तर ती ॲक्रिलिकपेक्षा जवळपास दुप्पट प्रकाश परावर्तित करते आणि काळ्या डायलवर ते फार जाणवते. माझा मुख्य आक्षेप तर वेगळाच आहे. पायलटची केस फुगीर, दबणाऱ्या काचेसाठी घडवलेली आहे. तिच्यात सपाट खनिज काच बसवायची म्हणजे गोंद आला, काट्यांच्या वरची मोकळी जागा कमी झाली, आणि उद्या घड्याळ हातातून पडले तर काचेचे कण डायलवर सांडून मशीनमध्येही शिरण्याची भीती आली. ॲक्रिलिक सहसा असे चुरा होऊन फुटत नाही. त्याला फार तर तडा जातो. शिवाय त्याच्या फुगीर कडेतून तिरपे पाहिल्यावर मिनिटांच्या रेषा ज्या किंचित वाकलेल्या दिसतात, तो त्या काळच्या घड्याळाच्या चेहऱ्याचाच भाग आहे आणि तो जपला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या कामात सर्वांत जास्त वेळ मापाला द्यावा. जुनी काच मोजून तेवढीच नवी आणणे पुरेसे नसते, कारण जुनी काच आकसलेली किंवा कडेने झिजलेली असू शकते. काच काढल्यावर केसमधल्या खाचेचा आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरच्या आतल्या जबड्यांनी मोजावा. एकाच जागी न मोजता बारा-सहा, तीन-नऊ आणि त्यांमधल्या दिशांनीही मोजावा, म्हणजे खाच कोठे चेपली असल्यास तेही कळते. नवी काच या व्यासाहून एक-दोन दशांश मिलिमीटरच मोठी हवी. समजा, खाच ३०.४ मिलिमीटर भरली, तर ३०.५ किंवा ३०.६ ची काच घ्यावी. यापेक्षा लहान काच मनगटाच्या हिसक्याने निघून येईल, आणि फार मोठी बळेच बसवली तर ताणाने काही दिवसांत कडेला तडकेल. आमच्या भागातल्या एका वयस्कर घड्याळजींना मी सुरुवातीला याबद्दल विचारले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "काचेला जोर लावायचा नसतो. जोर लावावासा वाटला, की माप पुन्हा घ्या." उंचीचेही तसेच आहे. सेकंदकाटा सगळ्यांत वर असतो आणि काच कमी फुगीर असली, तर तो तिला आतून घासतो व घड्याळ अडकत अडकत चालते. म्हणून जुन्या काचेची उंचीही टिपून ठेवावी.

पंजासारख्या क्रिस्टल लिफ्टरने काच समोरून, मशीन आत असतानाच काढता येते. तरीही मी मशीन बाहेर काढणेच पसंत करतो, कारण काच निघाल्याबरोबर नाजूक काटे आणि डायल पूर्ण उघडी पडतात आणि पंजा जरा घसरला तरी नुकसान भरून येण्यासारखे नसते. माझ्या घड्याळाचे मागचे झाकण दाबून बसवलेले आहे. त्याच्या कडेला असलेल्या बारीक खाचेत सुरीचे बोथट पाते घालून ते उचलले की मशीन दिसते. चावी दांडीसकट काढण्यासाठी दांडीजवळ एक लहान स्क्रू असतो, तर काही मशीनांत दाबायचा ठिपका असतो. स्क्रू असेल तर तो एक-दोन फेऱ्यांपुरताच सैल करावा. तो पूर्ण काढला तर त्याने धरलेला लिव्हर आतून सुटतो आणि मग डायल उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मशीन निघाले की ते एखाद्या स्वच्छ वाटीखाली झाकून ठेवावे. डायल कधीही पुसू नये, कोरड्या कापसानेही नाही. जुन्या डायलवरचे आकडे आणि लाखेचा थर सहज उठून येतात.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक परदेशी घड्याळांत काटे व आकडे अंधारात चमकावेत म्हणून खरेखुरे रेडियम वापरलेले असे. त्याची चमक कधीच संपलेली असते, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग शिल्लक असतो आणि तो रंग भुकटी होऊन गळतो. असे घड्याळ घरी मुळीच उघडू नये.

यानंतरची खरी लढाई धुळीशी असते. मी पंखा बंद करतो, टेबल ओल्या फडक्याने पुसून घेतो आणि पांढऱ्या कागदावर काम मांडतो. नवी काच कोरड्या कापडाने चोळण्याचा मोह होतो, पण त्याने ॲक्रिलिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि आसपासचे सगळे तंतू तिच्याकडे ओढले जातात. तिला साध्या पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावे, वाळू द्यावे आणि मग रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर लाळेचे सूक्ष्म थेंब जातात आणि त्यांचे ठिपके काच बसल्यावरच दिसतात. अ‍ॅसिटोन, स्पिरिट किंवा थिनर यांचा बोळा काचेजवळही आणू नये. ताणाखालच्या ॲक्रिलिकवर त्यांच्यामुळे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात.

काच काढण्या-बसवण्याची क्रिया त्या मानाने लहान आहे. लिफ्टरच्या बोटांनी आधी जुन्या काचेची कड सगळीकडून सारखी धरावी आणि वरची चकती सावकाश फिरवावी. भिंगातून पाहिले तर काच मध्यभागी किंचित अधिक फुगताना दिसते. म्हणजेच तिचा घेर लहान होत असतो. जुनी काच हलू लागली की सरळ वर उचलून घ्यावी. खाचेत काळपट मळ साचलेला असतो, तो लाकडी टोकदार काडीने पूर्ण कोरून काढावा. तो राहिला तर नवी काच एका बाजूला वर राहते. नवी काच त्याच रीतीने धरून, आकसवून खाचेत टेकवावी आणि चकती हळूहळू उलटी फिरवावी. काच पसरत पसरत खाचेत बसते, तेव्हा कधी बारीक 'टक' असा आवाजही येतो. मग बोटाने कडेकडेने दाबून पाहावे. कोठेही ती डुगडुगता कामा नये. कडेला फट दिसली तर ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बुजवू नये, कारण त्याची वाफ काचेवर आणि डायलवर पांढरा थर आणते. फट म्हणजे माप चुकल्याचीच खूण असते आणि काच बदलणे हाच तिच्यावर इलाज आहे.

मशीन आत घालून चावी बसवली, की झाकण लावण्याआधी काटे पूर्ण बारा तास फिरवून पाहावेत. घड्याळ डोळ्यांच्या पातळीत आडवे धरले, तर सेकंदकाटा आणि काच यांमधली मोकळी जागा स्पष्ट दिसते. ती सगळ्या फेरीत सारखी असावी. त्यानंतर घड्याळ एक रात्र डायल वर आणि एक रात्र डायल खाली ठेवून चालवावे; पालथे असताना काटे काचेच्या बाजूला किंचित सरकतात आणि घासत असतील तर तेव्हाच थांबतात. पुढे वापरताना अत्तर किंवा सॅनिटायझर मनगटावर लावायचे असल्यास ते वाळल्यावरच घड्याळ बांधावे. काढलेली जुनी काच मी कागदी पाकिटात घालून त्यावर खाचेचा व्यास, नव्या काचेचे माप आणि उंची लिहून ठेवली आहे; पुढच्या वेळी दुकानात नुसते पाकीट दाखवले तरी पुरेल.