तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलायचं?

"ताई, पंचवीस-तीस हजार जमलेत. पीसी जुना झालाय, गेम अटकतात. ग्राफिक्स कार्ड घेऊ, रॅम वाढवू की प्रोसेसर बदलू?" हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारी बहुतेक कॉलेजातली मुलं असतात, नाहीतर नुकती नोकरीला लागलेली. पैसे महिनोन् महिने बाजूला टाकून जमवलेले असतात. म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शिरण्याआधी एक संध्याकाळ घरीच पीसीसमोर बसा, असं मी प्रत्येकाला सांगते. तुमचा पीसी नेमका कशासाठी खोळंबतोय हे त्या संध्याकाळी कळतं, आणि पैसे तिथेच घालायचे असतात.

बघायचं कसं? एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते टाकलं की खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्ड किती टक्के राबतंय, प्रोसेसरचा एकेक कोअर (आतला काम करणारा भाग) किती भरलाय, तापमान किती आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार होतात, हे सगळं दिसत राहतं. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा गेमच्या सेटिंगमध्ये आधी बंद करा, नाहीतर कार्ड उगाच निवांत दिसेल. मग नेहमीचा गेम नेहमीसारखा अर्धा तास खेळा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाची आहे. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि कोअर मात्र शंभरला टेकलेत, तर प्रोसेसर कमी पडतोय. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, म्हणजे कार्डाचं काम हलकं होतं. एफपीएस वाढले नाहीत तर नवं कार्ड घेऊनही वाढणार नाहीत.

सिंहगड रोडला राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा पीसी असा बसून पाहिला होता. २०१७ मधला आय५-७४००, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, आणि विंडोज, गेम सगळं हार्ड डिस्कवर. त्याला नवं कार्ड घ्यायचं होतं, मॉडेलही ठरलं होतं. गेममध्ये मोकळ्या माळावर ८० एफपीएस मिळत होते. शहरात, गर्दीत शिरला की ४० वर यायचे आणि चित्र ठेचकाळायचं. कोपऱ्यातले आकडे बघितले तर चारही कोअर शंभरला, कार्ड ५५ ते ६० वर. ७२० वर आणून पाहिलं, गर्दीतले एफपीएस जिथल्या तिथे. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी आतून पोळ्याच येत नसतील तर तो रिकामा उभा राहणार, तसं त्याचं कार्ड उभं होतं.

मग प्रोसेसर बदलायचा, पण इथे खरी मेख आहे. त्याच्या बी२५० मदरबोर्डवर इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचेच प्रोसेसर चालतात. आठव्या पिढीचा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) दिसायला तोच, नावही तेच, एलजीए ११५१. तरी तो प्रोसेसर या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. म्हणजे त्याच्यापुढे दोनच वाटा. एक, सेकंडहँड आय७-७७०० : कोअर चारच, पण थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आठ. दुसरी, बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलणं. आय७ वर खर्च करू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा आय७ बसत नाही. आज घातलेले पैसे तिथेच अडकून पडले असते.

याउलट ज्यांच्याकडे एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि त्याचा बी४५० बोर्ड आहे, त्यांना मी नशीबवान म्हणते. त्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर एएमडीने खूप वर्षं प्रोसेसर काढले. बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर २०२२ मधला रायझन ५ ५६०० बसतो, आणि खेळताना फरक लगेच कळतो. फक्त क्रम पाळा : जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा, मग नवा लावायचा. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. आपल्याकडे पुण्यात गुरुवारी महावितरणची कामं निघतात, तेव्हा हे काम दुसऱ्या दिवशी करा, आणि यूपीएसवरच करा.

रॅमबद्दल माझं मत अलीकडे बदललंय. पूर्वी मी सरळ सांगायचे, सगळंच नवं घेताय तर डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवर जा. पण २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की रॅमचे भाव भडकले. अशा वेळी हातातली आधीच्या पिढीची डीडीआर४ पट्टी टाकून देऊ नये. इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर डीडीआर४ च्या बोर्डावरही चालतो, एएम४ तर डीडीआर४ चाच आहे. त्या विद्यार्थ्याने हेच केलं : बोर्ड आणि प्रोसेसर नवे, कार्ड तेच, जुन्या पट्टीला जोड म्हणून ८ जीबीची एक सेकंडहँड पट्टी. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्हींतून एकदम माहिती, मिळतं, आणि एका पट्टीवर चालणाऱ्या पीसीला त्याचा फायदा होतोच.

उरलेल्या पैशांत एसएसडी. साटाची (जुन्या पद्धतीच्या केबलने जोडायची) एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क दीडशेच्या आगेमागे. तेवढ्याने सरासरी एफपीएस फारसे वाढत नाहीत, पण नवा भाग उघडताना बसणारे झटके कमी होतात.

कार्डाच्या मागे लागावं अशीही वेळ येते. १०६० च्या पिढीला ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा नेहमीचा गेम ड्रायव्हर दिला, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. २०२५ च्या 'डूम : द डार्क एजेस'सारखे गेम रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजण्याची) सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. असा गेम खेळायचाच असेल तर कार्ड बदला. पण स्वस्त नवं दिसतंय म्हणून उचलू नका. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला ४ जीबी मेमरी आणि पीसीआयच्या (बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन आहेत, त्यामुळे पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डावर ते आणखी मागे पडतं. त्यापेक्षा ८ जीबीचं आरएक्स ६६०० जुन्या बोर्डावर कितीतरी बरं. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच पंधरा मिनिटं गेम लावून बघा, आणि सीरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या.

एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, कोणी बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कॅबिनेटचं झाकण काढा आणि डब्यावरचं लेबल वाचा. वर ठळक ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण तुम्हाला १२ व्होल्टचा रकाना बघायचाय. तिथे १८ अँपिअर असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही यातूनच भागवायचं असतं. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॉट घेतं. अशा डब्यावर नवं कार्ड लावू नका, त्या महिन्यात फक्त एसएमपीएस घ्या. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएसही साधारण ३६० वॉटच देतो, तेही मोजून ठेवा.

झाकण काढलंच आहे तर आत बघा. रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या कॅबिनेटमध्ये हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा अक्षरशः नमदा जमलेला असतो. पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. एप्रिलच्या दुपारी पीसी तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्याला वाटतं कार्ड म्हातारं झालं. सफाईनंतर पुन्हा आकडे बघा, मगच खरेदीचं ठरवा.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. तुमचा गेम आत्ताच १२० एफपीएस देत असेल तर पैसे मॉनिटरवर घाला.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा बजेटबरोबर एवढं पाठवा : प्रोसेसर आणि बोर्डाचं पूर्ण नाव, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, मॉनिटर कोणता, गेम कोणता, आणि तो चालू असतानाचा कोपऱ्यातल्या आकड्यांचा एक फोटो.