ओटीपी बरोबर होता, दुकान भलतंच होतं

परभणीतल्या एका बँक शाखेत मी कार्डांच्या तक्रारी बघतो. मे महिन्यातल्या एका सोमवारी साडेअकराच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी मोबाइल पुढे धरूनच आत आले. "साहेब, केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे पैसे कटले, पण तिकीट येईना गेलंय."

चौघांचे २४,८०० रुपये, क्रेडिट कार्डावरून, १०:५२ ला.

"गुरुजी, ओटीपी कुणाला सांगितला का?"

"कुणालाच नाही. मीच टाकला ना."

खरं होतं ते. ओटीपी सांगू नका, असं आम्ही बँकवाले ओरडून सांगतो. टाकण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, हे सांगायचं राहूनच जातं. त्या मेसेजात रकमेपुढे गिफ्ट कार्ड विकणाऱ्या दुकानाचं नाव होतं. गुरुजी बनावट पानावर कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही भरत होते आणि पलीकडचा माणूस तेच आकडे त्या दुकानात टाकून खरेदी करत होता. ओटीपी खराच आला, पण त्या खरेदीचा.

आधी अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं, मग गुरुजींच्याच फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. तिथे रक्कम, वेळ, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि दुकानाचं नाव लागतं. हे कागदावर लिहून ठेवूनच फोन लावावा, शोधण्यात मिनिटं जातात. तक्रार क्रमांक मिळेपर्यंत बारा वाजले. त्याच वेळी त्यांच्या फोनवर कॉल आला: "जीएसटीचे ४,४६४ राहिलेत, दुसरं कार्ड द्या, लगेच तिकीट येईल." गुरुजी पाकीट काढायला लागले होते. मी हात धरला.

मेसेज खाली सरकवले तर १०:५८ चा आणखी एक सापडला: परदेशी दुकानात डॉलरमधला व्यवहार नाकारला, कारण कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर बंद. परदेशी दुकानं ओटीपी मागतीलच असं नाही, नुसत्या नंबर-सीव्हीव्हीवर पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर ही सोय मुळातच बंद येते आणि गुरुजींनी ती कधी चालू केली नव्हती. त्या एका बटणाने पुढचं नुकसान वाचवलं.

मग ते पान पाहिलं. पत्त्याशेजारी कुलपाची खूण होती, पण कुलूप म्हणजे मधे कुणी वाचू शकत नाही एवढंच. पलीकडे बसलेला चोर असू शकतो. पत्त्यात 'हेलियात्रा' हा शब्द होता. पत्ता मात्र सुरुवातीच्या '://' नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपासून मागे वाचायचा असतो: खऱ्या पत्त्यात तिथे 'आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन' येतं, इथे काहीतरी 'डॉट कॉम' होतं. त्याहून मोठी खूण म्हणजे खऱ्या संकेतस्थळावर चारधाम नोंदणीचा क्रमांक दिल्याशिवाय बुकिंग पुढे सरकत नाही. इथे तो विचारलाच नव्हता.

गिफ्ट कार्ड १०,००० च्या वर निघत नाही, म्हणून चोरट्याने तीन घेतली होती: १०,०००, १०,००० आणि ४,८००. पहिलं वापरून झालं होतं, उरलेली दोन त्या दुकानाने गोठवली. १४,८०० महिन्याभराने कार्डावर परत जमा झाले.

राहिलेल्या १०,००० चं गुरुजींना समजावणं जड गेलं. तीन कामकाजी दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा २०१७ चा नियम त्यांनी कुठेतरी वाचला होता. पण तो चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच असेल तेव्हा लागतो. तपशील ग्राहकानेच भरले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, नंतरचं बँकेचं. वादाचा अर्ज भरून घेतला, पण आशा लावली नाही.

नवीन कार्ड आल्यावर गुरुजी पुन्हा आले. ऑनलाइन मर्यादा ५,००० वर आणून घेतली. केदारनाथचं विचारलं तर म्हणाले, "घोड्यावर जाऊ बा."